इमारतीची अनेक आयुष्ये

वारूळवाडी आणि नारायणगाव ही पुणे-नाशिक रस्त्यावरची एकमेकांना लागून वसलेली गावे. टोमॅटोचा मोठा बाजार, सभोवती द्राक्षबागा आणि त्या अनुषंगाने वाढलेली खते-बियाणे, किराणा, कापड, लोखंड-सिमेंट यांची दुकाने, असा हा जुन्नर तालुक्यातील भरभराटीचा परिसर. अशा गावांतून दगड-मातीची, लाकडी खांबांची जुनी घरे उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी खाली दुकान, वर घर अशा काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत. व्यापारी कुटुंबाच्या आयुष्यात याहून मोठा खर्च क्वचितच असतो. ‘घर पाहावे बांधून’ असे पूर्वजांनी उगाच म्हटले नाही. तरीही एक ट्रक माल घेताना जेवढी चौकशी केली जाते, तेवढीसुद्धा इमारतीची होत नाही. चौरस फुटाचा भाव विचारला जातो. ही वास्तू किती वर्षे आणि किती प्रकारे उपयोगी पडेल, हे विचारले जात नाही.

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर वारूळवाडीपासून थोड्याच अंतरावर, खोडद येथे, शेतांच्या मध्यभागी उभे आहे. ते घर नाही, दुकानही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९८०च्या दशकात या दुर्बिणीची कल्पना मांडली आणि १९९०च्या दशकात ती साकार झाली.

स्वरूप यांच्यापुढील अडचण व्यापाऱ्याला सहज समजेल अशी होती. हाताशी पैसा बेताचा आणि गरज प्रचंड. ४५ मीटरची भरीव धातूची तबकडी बनवली, तर तिचे वजन मोठे. त्याहून मोठा वाऱ्याचा दाब. तो दाब सोसण्यासाठी जाड खांब, जाड खांबांसाठी मोठा पाया, असा खर्च वरून खालपर्यंत वाढत जातो. त्यांनी वाऱ्याशी झुंजण्याऐवजी त्याला वाट करून दिली. नळीच्या पोलादाच्या १६ वक्र चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारदोर आणि त्यांवर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी, अशी तबकडी त्यांनी योजली. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची. दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते, त्यांतील आखूडातील आखूड लहरही सुमारे २० सेंटिमीटर लांबीची. त्यामुळे लहरींना ही जाळी अखंड आरशासारखी भासते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात तबकडी काम करू शकते. वारा वाढला की तिचे तोंड सरळ आकाशाकडे करून तिला स्थिर ठेवतात, आणि त्या स्थितीत ताशी १३३ किलोमीटरचा वारा सोसण्याइतके तिचे बळ आहे. टिकाऊपणासाठी येथे अधिक माल लागला नाही, अधिक विचार लागला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २०१०नंतरच्या दशकात या दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले. पूर्वी ती एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहत असे. आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहते. तिची क्षमता अशी कित्येक पटींनी वाढली, पण त्यासाठी एकही तबकडी पाडावी लागली नाही. बदलले ते संदेशग्राहक, पुढील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि संगणकीय व्यवस्था. दीर्घकाळ टिकणारा सांगाडा आणि लवकर जुनी होणारी यंत्रणा हे दोन्ही एकमेकांपासून सुटे ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले.

टिकाऊ, बदलत्या गरजांशी जुळवून घेणारी आणि उत्तम काम देणारी इमारत कशी असावी, याचे मर्म येथेच आहे. इमारत ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या आयुष्याच्या अनेक वस्तूंची मोट आहे. ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी हा विचार मांडला आणि अमेरिकन लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ साली आपल्या पुस्तकात तो विस्तारला. त्यांच्या मते इमारतीचे थर सहा : जमीन, सांगाडा, बाह्य कवच, नळ-वीज आदी सेवा, आतील मांडणी आणि सामान. जमीन कायमची. सांगाडा ३० ते ३०० वर्षांचा. कवच सुमारे २० वर्षांचे. सेवा ७ ते १५ वर्षांच्या. आतील मांडणी त्याहूनही लवकर बदलते आणि सामान तर रोज हलते.

हा विचार व्यापाऱ्याला नवा वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या हिशेबवह्या तो पिढ्यानुपिढ्या पाळत आल्या आहेत. आयकराच्या नियमांत निवासी इमारतीवर ५ टक्के, अन्य इमारतींवर १० टक्के, फर्निचर व विजेच्या जोडण्यांवर १० टक्के, सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा धरला जातो. प्रत्येक वस्तूचे आयुष्य वेगळे, म्हणून तिचे खाते वेगळे. परंतु जी वस्तू खतावणीत वेगळी, तीच प्रत्यक्षात भिंतीत चिणून एकजीव केली जाते. मग १५ वर्षांची नळी गळू लागली की ६० वर्षांची भिंत फोडावी लागते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ही मुदतींची विसंगती होय. अल्प मुदतीच्या ठेवीवर दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी पेढी जशी अडचणीत येते, तशीच अशी इमारतही येते.

या थरांचा क्रमाने विचार करताना पहिला मान जमिनीचा. बाकी सारे दुरुस्त करता येते, चुकलेली जागा दुरुस्त करता येत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाचे स्मरण यासाठी सदैव ठेवले पाहिजे. ३० जुलै २०१४च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि गावातील ४०हून अधिक घरे चिखल-दगडांखाली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली ती तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्या घरांच्या भिंती कितीही भक्कम असत्या, तरी खचणाऱ्या डोंगरापुढे त्यांचे काही चालले नसते.

पुढे आमडे येथे नवे माळीण वसवण्यात आले. एप्रिल २०१७मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मात्र त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तेथील रस्त्यांना तडे गेले, भराव खचले आणि लोक पुन्हा भयभीत झाले. यातून एक बोध घ्यावा. घर पक्के असले, तरी भोवतीचा भराव, गटारे आणि पाण्याचा निचरा हाही त्या घराचाच भाग असतो. ओढ्याच्या पात्रात भर टाकून काढलेला भूखंड स्वस्त मिळतो, पण ओढा आपली वाट विसरत नाही. रस्त्याची उंची दर डांबरीकरणाला वाढते, तेव्हा दुकानाचे जोते रस्त्यापेक्षा किती वर असावे, याचाही विचार पुढील ३० वर्षांचा करावा. याउलट जागेची निवड नेमकी झाली, तर जागाच आपले काम करते. खोडदपूर्वी याच गोविंद स्वरूप यांनी उटी येथे ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली होती. त्यासाठी त्यांनी असा डोंगरउतार निवडला, की त्याचा कल तेथील अक्षांशाइतकाच, म्हणजे ११ अंशांचा होता. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि यंत्रणा सोपी झाली.

दुसरा थर सांगाड्याचा. येथे किल्लारीची आठवण अटळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठ्या भूकंपांत याहून कमी हानी झालेली आहे. येथे घात केला तो घरांनी. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण त्या आत-बाहेर अशा दोन वेगळ्या पदरांच्या. मधे मुरूम-माती आणि वर मातीच्या जाड थराचे जड माळवद. दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड नव्हते. धक्का बसताच पदर विलग झाले आणि माळवद खाली आले. जेथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांब व तुळयांवर होता, तेथे भिंती पडूनही काही ठिकाणी छत उभे राहिले. जाड भिंत म्हणजे मजबूत घर, हा समज त्या पहाटे खोटा ठरला. बळ जाडीत नसते, सांधण्यात असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. किल्लारीचा परिसर त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. २००२च्या सुधारित नकाशात तो पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात आला. पुणे शहर व परिसरही त्या नकाशात तिसऱ्याच विभागात दाखवलेला आहे. धोका कमी असल्याची नोंद म्हणजे धोका नसल्याची हमी नव्हे, हे कर्जव्यवहारातील सत्य इमारतींनाही लागू पडते. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि इतरत्र हजारो जुनी घरे न पाडता भक्कम केली गेली. भिंतीतून आरपार सांधे घालणे, दारे-खिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवणे, छतावरील मातीचा भार हलका करणे, असे उपाय सांगितले गेले. म्हणजे जुने घर असेल तर ते पाडणे हा एकमेव मार्ग नाही. त्या आपत्तीत शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, हे समाजातील वाचकांना माहीत आहेच. त्या मुलांचे छत्र हरपले होते, आणि त्याचे कारण भिंतींचे न सांधलेले पदर हे होते, एवढे त्यासोबत ध्यानात राहावे.

काँक्रीट आले म्हणजे हा धोका संपला, असेही नाही. २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून २००हून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे कणखरपणा येतो. खाली नुसते खांब. हादरा बसला की सारा झोक त्या खांबांवर येतो आणि ते मोडतात. आता वारूळवाडीतील किंवा कोणत्याही बाजारपेठेतील खाली दुकान, वर घर असलेली इमारत डोळ्यांपुढे आणावी. दर्शनी बाजू शटरसाठी पूर्ण उघडी, आतील भिंती मालाच्या सोयीसाठी काढलेल्या आणि वर तीन मजल्यांचे खोल्या-खोल्यांचे घर. रचना तीच आहे. २००२च्या भारतीय मानकाने अशा मोकळ्या मजल्याचे खांब व तुळया नेहमीच्या अडीचपट बलासाठी योजाव्यात, असा एक मार्ग सांगितला होता. म्हणून दुकान मोठे करण्यासाठी खालची भिंत काढण्यापूर्वी किंवा खांब तासण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला विचारणे, हे वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या स्वतःच्याच मुला-नातवंडांविषयीचे कर्तव्य आहे.

याच संदर्भात गच्चीवर उभ्या सोडलेल्या सळ्यांकडेही पाहावे. ‘पुढे मजला चढवू’ या आशेने त्या सोडलेल्या असतात. हेतू योग्य आहे, कारण कुटुंब वाढते आणि इमारतीनेही वाढावे. परंतु पाया तेवढ्या मजल्यांसाठी योजलेला नसेल, आणि सळ्या १५ पावसाळे उघड्यावर गंजत राहिल्या, तर ती वाढ धोक्याची ठरते. पुढचा मजला कागदावर आधी हवा, सळ्या नंतर. सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचा घोळ लावून त्या कच्च्या काँक्रीटने झाकून ठेवल्या, तर गंज बराच टळतो आणि वेळ येताच त्या मोकळ्या करता येतात. खर्च किरकोळ, लाभ मोठा.

तिसरा थर कवचाचा : छत, बाह्य भिंती, खिडक्या. चैत्र-वैशाखात वरच्या मजल्यावर जी तगमग होते, ती मुख्यत्वे तापलेल्या स्लॅबमुळे. एअर कंडिशनर लावणे म्हणजे त्या चुकीचे व्याज दरमहा भरणे होय. गच्चीवर कोबा घालून त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी केली, तर ऊन परतवले जाते आणि गळतीलाही आळा बसतो. पश्चिमेच्या भिंतीला कमीत कमी खिडक्या, प्रत्येक खिडकीवर पुरेसा छज्जा आणि समोरासमोर झरोके, या गोष्टी जुन्या गवंड्यांना ठाऊक होत्या. २०१८ साली केंद्र शासनाने निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको-निवास संहितेत हेच शहाणपण आकड्यांत मांडले आहे. छत वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॉटहून अधिक नसावी, असे ती सांगते. वास्तुरचनाकाराला हा आकडा विचारावा. त्याने तो हिशेब करून दाखवला, तर मनुष्य जाणकार आहे असे समजावे.

चौथा थर सेवांचा, आणि बहुतेक घरांचे दुखणे येथेच असते. भिंतीत गाडलेले नळ दिसायला सुबक, पण गळती कोठे आहे हे कळेपर्यंत भिंत कुजलेली असते. सर्व मजल्यांची स्नानगृहे व स्वयंपाकघरे एकावर एक घ्यावीत आणि त्यांच्या मागे माणूस उभा राहील एवढी उभी पोकळी ठेवून सारे नळ त्यातून न्यावेत. विजेच्या तारांसाठी एक-दोन नळ्या रिकाम्या ठेवाव्यात. आज नको असलेली सोय उद्या लागेल. गच्चीवर सौर पट्ट्यांसाठी सावलीविरहित जागा आणि खाली पावसाच्या पाण्याचे टाके, हेही आराखड्यातच धरावे. पाण्याची ही तरतूद या भूमीला नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्यासोबत पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यांनी खोल्यांसोबत पाण्याचीही सोय केली, तेव्हाच दान पुरे झाले.

उरली आतील मांडणी. जुने घर खणांनी मोजले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. भार खांब-तुळयांवर असल्याने मधली लाकडी पडदी काढली की दोन खोल्यांची एक होई, लग्नकार्य झाले की पुन्हा दोन. काँक्रीटचा सांगाडाही तत्त्वतः तसाच आहे. खांब एका रांगेत, समान अंतरावर घेतले, तर आजची वखार उद्या कचेरी होऊ शकते, परवा दोन भावांची दोन दुकाने होऊ शकतात. जिना बाहेरून स्वतंत्र ठेवला, तर वरचा मजला भाड्यानेही देता येतो आणि वाटणीच्या वेळी कटुता टळते. वडीलधाऱ्यांसाठी तळमजल्यावर एक खोली आणि रुंद दाराचे स्नानगृह आरंभीच योजले, तर पुढे घाईने तोडफोड करावी लागत नाही.

या सर्वाला खर्च किती, हा प्रश्न रास्त आहे. समजा, ५० लाखांच्या बांधकामात अभियंत्याची स्वतंत्र तपासणी, नळांची पोकळी आणि गच्चीचा थर यांपायी दीड लाख अधिक गेले. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जात एका लाखाचा हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे मूळ हप्ता सुमारे ४५,००० रुपये आणि त्यावर वाढ १,३५० रुपयांची. कर्ज २० वर्षांत फिटते. इमारत त्यानंतर ४० वर्षे वापरायची असते. त्या ४० वर्षांचा दुरुस्तीखर्च आणि विजेचे देयक हे दीड लाख ठरवतात.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही, फक्त मालकाची नजर लागते. खांबातील रिंगांची टोके ९० अंशांत नव्हे, तर १३५ अंशांत आत वळवलेली आहेत का, हे स्लॅबपूर्वी पाहावे. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस आणि उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारले जाते का, हे रोज पाहावे. वीज, नळ आणि सळ्या यांचे नकाशे व छायाचित्रे एका फाइलीत घालून ती खरेदीखतासोबत जपावी. पुढच्या पिढीला भिंतीत काय आहे हे कळले, तरच ती भिंत सुखरूप बदलू शकेल.

खोडदची तबकडी उभारणाऱ्यांना २०-२५ वर्षांनी कोणते संदेशग्राहक येतील, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी भविष्य ओळखले नाही. भविष्यासाठी जागा सोडली. घर बांधणाऱ्यालाही मुलगा कोणता व्यापार करील, नात कोठे शिकेल, गावात पाऊस किती पडेल, हे सांगता येत नाही. जमीन पारखून घ्यावी, सांगाडा भक्कम सांधावा आणि बाकीचे सारे सहज काढता-घालता येईल असे ठेवावे. एवढे केले, तर पुढच्या पिढीच्या हाती गरजेनुसार बदलता येणारे घर येते, आणि ते पाडण्याचा खर्च तिच्यावर पडत नाही.